चार गळवं, एक रिपोर्ट आणि दादाने बंद केलेली साखर

दादाच्या मानेवर पहिलं गळू आलं तेव्हा कोणी फार लक्षच दिलं नाही, उन्हाळा आहे, घाम येतो, कॉलर घासते, होतं असं म्हणून सोडून दिलं. ते पिकलं, फुटलं, गेलं. दीड महिन्याने काखेत आलं, काखमांजरी, ती पण अशी ठणकायची की हात खाली घेऊन झोपता येईना. मग मांडीवर. आणि सातव्या महिन्यात परत मानेवर, यावेळी दोन तोंडांचं, मोठं, ज्याला शेवटी चीर द्यावी लागली. सात महिन्यात चार गळवं, अँटिबायोटिकचे तीन कोर्स, तिन्ही वेळा वेगवेगळे डॉक्टर. आणि या सगळ्यात एकदाही कोणी शुगर बघितली नाही.

कोणी म्हणजे त्यात मी पण आलो. मी लॅब टेक्निशियन आहे, रोज सकाळी तीस-चाळीस जणांचं रक्त काढतो, त्यातल्या अर्ध्यांची शुगरच असते, आणि सख्खा भाऊ समोर मान धरून बसलाय तरी माझ्या डोक्यात आलं नाही. हे आधीच लिहून टाकतो म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवतोय असं वाटायला नको.

दादा ४३ वर्षांचा, वजन ९१ किलो, उंची १६८ सेंमी, काम रात्रपाळीचं आणि पूर्ण बसून. वडिलांना डायबिटीस होता. बाकी दादाला कधी काही नाही, ताप सुद्धा वर्षातून एकदा, म्हणून त्याचं ठाम मत की माझी इम्युनिटी एक नंबर आहे.

तिसऱ्या गळवानंतर वहिनींनी फर्मान काढलं की गोड बंद. त्याला खतपाणी मीच घातलं होतं, कारण तो मेसेज मीच फॅमिली ग्रुपवर टाकला होता, तो तुम्हालाही आला असेल कधी ना कधी: साखर खाल्ली की पुढचे पाच तास शरीरातल्या सैनिक पेशी झोपून जातात. वाचायला भारी वाटलं, टाकला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणजे खरंच असणार," आणि त्या दिवसापासून दादाचा चहा बिनसाखरेचा. तीन आठवडे त्याने इमानदारीत पाळलं. आणि तीन आठवडे संपले आणि ते दोन तोंडांचं गळू आलं. मग दादा जिंकला. "तुमचं साखर-बिखर काही नसतं, उगाच छळ केला माझा."

इथे गंमत अशी की दोघंही चुकीचे होते आणि दोघंही थोडे थोडे बरोबर होते, आणि माझा मेसेज तर फारच अर्धवट होता. आधी तो मेसेज घेऊ, कारण मी नंतर तो कुठून आला ते शोधत गेलो.

तो पूर्ण हवेतला नाहीये. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातल्या लोकांचा एक पेपर अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशनमध्ये आला. त्यांनी धडधाकट माणसांना १०० ग्रॅम साखर दिली, कधी ग्लुकोज, कधी फ्रुक्टोज, कधी साधी साखर, कधी मध, कधी संत्र्याचा ज्यूस, मग ठराविक वेळाने रक्त काढलं आणि त्यात बॅक्टेरिया मिसळून बघितलं की एक न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतली ती पहिल्या फळीतली पेशी, किती बॅक्टेरिया गिळते. तर गिळणं कमी झालेलं दिसलं, सगळ्यात जास्त पहिल्या एक-दोन तासात आणि पाच तासांनी पण ते पूर्ण मूळ पातळीवर आलेलं नव्हतं. पाच तास हा आकडा तिथून आला. पण मेसेजमध्ये जे गाळलं गेलं ते बघा. १०० ग्रॅम म्हणजे साधारण २५ चमचे, एका दमात. पेशींची संख्या कमी झाली नव्हती, झोपणं-बिपणं काही नाही, गिळण्याचा वेग कमी झाला होता. स्टार्च दिला तेव्हा असा परिणाम दिसला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं बाहेर काढलेल्या रक्तात मोजलेलं, त्या माणसांना नंतर जास्त इन्फेक्शन झाली असं कोणी दाखवलेलं नाही, तो प्रश्नच त्या प्रयोगात नव्हता. म्हणजे प्रयोग खरा, आकडा खरा, पण त्यावरून चहातला दीड चमचा दादाच्या मानेवर गळू आणतो हे म्हणणं म्हणजे राईचा पर्वत झाला.

उलट एक गोष्ट मला स्वतःला नव्याने समजली, की न्यूट्रोफिलचं स्वतःचं इंधनच ग्लुकोज आहे. या पेशी ऑक्सिजन वापरून निवांत ऊर्जा बनवण्याच्या भानगडीत फारशा पडत नाहीत, सरळ ग्लुकोज फोडतात आणि कामाला लागतात, कारण पू झालेल्या जागी ऑक्सिजन कमीच असतो. टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींतलाच आणखी एक प्रकार, त्या पण लढाईला उतरल्या की ग्लुकोजचा सपाटा लावतात. तर साखर म्हणजे पांढऱ्या पेशींना विष हे वाक्यच चुकीचं आहे. त्यांना साखर लागते, प्रश्न किती आणि किती वेळ हा आहे.

किती, तर हिशोब करून बघा. रक्त साधारण पाच लिटर, उपाशीपोटी शुगर १०० धरली तर एका डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या अंगातल्या रक्तात मिळून फक्त ५ ग्रॅम ग्लुकोज. सव्वा चमचा. एवढ्यावर सगळं चाललेलं असतं. आपण त्याच्या कितीतरी पट साखर एका बैठकीत पोटात घालतो आणि तरी निरोगी माणसाची शुगर दोन तासात जागेवर येते, कारण इन्सुलिन सुटतं, लिव्हर आणि स्नायू ती ओढून घेतात. म्हणून निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींना गोडाच्या लाटा लागतात आणि ओसरतात. लाट ओसरतच नाही त्याचं काय, हा खरा दादाचा विषय.

चौथ्या गळवाला चीर दिली तेव्हा पू कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जंतू वाढतात ते बघायला, मीच घेऊन गेलो आणि त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा बॅक्टेरिया निघाला, जो गळवांत बहुतेक वेळा निघतो, त्यात नवल काही नव्हतं. पण प्लेट बघताना ट्यूब पेटली. घरी येऊन दादाला म्हटलं उद्या सकाळी काही खाऊ-पिऊ नकोस, आणि घरीच रक्त काढलं. त्याने हात पुढे करताना पण टोमणा मारला, "काढ, तेवढंच राहिलं होतं."

उपाशीपोटीची शुगर १६२. १२६ पासून पुढे डायबिटीस धरतात. पण मी त्या एका आकड्यावर उडी मारली नाही, आणि हे सांगायलाच पाहिजे कारण इथे बरेच लोक गोंधळतात. अंगात इन्फेक्शन पेटलेलं असताना कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात आणि शुगर तशीही वर जाते, ज्याला कधी डायबिटीस नव्हता त्याची पण. म्हणजे गळवामुळे शुगर वाढली की शुगरमुळे गळू आलं हे त्या १६२ वरून कळत नाही. त्यासाठी तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिच्यातल्या हिमोग्लोबिनवर ग्लुकोज चिकटत जातं, जेवढी शुगर जास्त तेवढं चिकटणं जास्त, दोन-चार दिवसांच्या इन्फेक्शनने तो आकडा फारसा हलत नाही. ५.७ च्या आत नॉर्मल, ६.५ पासून पुढे डायबिटीस. दादाचा आला ८.४. म्हणजे गेले दोन-तीन महिने सरासरी शुगर १९५ च्या आसपास. गळू आलं असो नसो, चहा गोड असो फिका असो.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो, आणि तिथे एकेक गोष्टी बाहेर यायला लागल्या ज्या घरात कोणी एकमेकाला सांगितल्याच नव्हत्या. मान मागून काळवंडलेली, जी आम्ही सगळे मळ समजत होतो, ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण. रात्रपाळीत चार चार वेळा लघवीला उठणं, दादाला वाटायचं पाणी जास्त पितो म्हणून. आणि खालच्या अंगाला वारंवार बुरशीची खाज, जी तो मेडिकलमधून क्रीम आणून गुपचूप दाबत होता. शुगर १८० च्या वर गेली की किडनीला ती परत ओढून घेणं झेपत नाही, ती लघवीत उतरते, आणि त्या जागेवर बुरशीचं आयतं फावतं. हे इतकं थेट आहे की शुगर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आहेत, एसजीएलटी-टू गटातल्या, त्यांनी रक्तातली शुगर खाली येते पण जननेंद्रियाची बुरशी वाढते. डॉक्टरांनी नेमक्या त्याच कारणासाठी दादाला त्या गोळ्या द्यायचं टाळलं.

आता आत काय बिघडतं. न्यूट्रोफिलचं काम टप्प्याटप्प्याचं असतं: रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायचं, तिच्यातून बाहेर सरकायचं, वास काढत बॅक्टेरियापर्यंत जायचं, गिळायचं, आणि मग पोटातल्या पोटात जाळून मारायचं. शुगर सतत चढलेली राहिली की यातले बरेच टप्पे ढिले पडतात, पोचायला उशीर, गिळणं कमी, आणि जाळणं पण कमजोर. जाळण्याचा भाग मला जास्त इंटरेस्टिंग वाटला. बॅक्टेरिया मारायला पेशी ऑक्सिजनपासून ब्लीचसारखी जहाल रसायनं बनवते आणि त्यासाठी तिला एनएडीपीएच नावाचं रसायन लागतं, ती त्याची काडीपेटी समजा. पेशीत ग्लुकोज फाजील झालं की ते एका आडवाटेने सॉर्बिटॉल बनायला लागतं आणि त्या आडवाटेला पण तेच एनएडीपीएच लागतं. म्हणजे काड्या जादा साखर निस्तरण्यात संपतात आणि शत्रू समोर आला की पेटी रिकामी. शिवाय ग्लुकोज जसं हिमोग्लोबिनला चिकटतं तसं अँटिबॉडीला आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रोटीनला पण चिकटतं, जे बॅक्टेरियावर खुणेची चिठ्ठी लावतात, आणि चिठ्ठी नीट लागली नाही की गिळणाऱ्या पेशीला माल ओळखू येत नाही. जुन्या डायबिटीसमध्ये बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पायाला संवेदना राहत नाही, जखम कळत नाही, तो वेगळाच मोठा अध्याय. दादा अजून तिथे पोचला नव्हता, नशीब.

आणि मग तो चहाचा प्रश्न. साखर बंद केली तरी गळू कसं आलं. डॉक्टरांनी दादाला दिवसभरात काय काय पोटात जातं ते लिहायला सांगितलं, आणि तो कागद मी जपून ठेवलाय. चहा दिवसाला तीन, प्रत्येकी दीड चमचा, म्हणजे जी साखर त्याने एवढा त्याग करून बंद केली ती १८ ग्रॅम. त्याच तीन आठवड्यात तब्येतीसाठी म्हणून सुरू केलेलं काय, तर सकाळी कोमट पाण्यात मोठा चमचाभर मध, त्यात १७ ग्रॅमच्या आसपास साखर. आणि नो ॲडेड शुगर लिहिलेला ज्यूस, दिवसाला दोन मोठे ग्लास, अर्धा लिटर, त्यात किमान ४० ग्रॅम, कारण फळाची साखर वरून घालावी लागत नाही, ती आतच असते, आणि फळ चावून खाल्लं तर जो चोथा तिला धरून ठेवतो तो ज्यूसमध्ये गेलेला असतो. आणि रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून कोल्डड्रिंकचे दोन कॅन, ३३० मिलीचे, प्रत्येकात ३५ ग्रॅम. हे कॅन तर कधीच गोड या खात्यात धरले नव्हते, ते जागं राहायच्या खात्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा म्हणजे रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, २००० कॅलरी धरल्या तर ५० ग्रॅम, जमलं तर २५, आणि त्यांच्या व्याख्येत मध आणि ज्यूस दोन्ही येतात. दादा साखर बंद केल्यावर १२५ च्या पुढे होता. साखर बंद केली आणि साखर वाढली. वहिनी तो कागद बघून काही बोलल्या नाहीत, फक्त दादाकडे बघितलं.

तरी मी असं लिहिणार नाही की कोल्डड्रिंकने डायबिटीस झाला आणि डायबिटीसने गळू. वडिलांकडून आलेलं, पोटावरची चरबी, बसून काम, उलटीपालटी झोप, सगळ्यांनी मिळून खड्डा खणलेला आहे, गोड पेयांनी त्यात चांगलाच हातभार लावला एवढंच. आणि साखर आतड्यातून पण इम्युनिटीशी खेळते, २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांवर दाखवलं की चरबीच्या खाण्यात साखर असली की आतड्यातले एका जातीचे जंतू नाहीसे होतात आणि त्यांच्या जिवावर टिकणाऱ्या टीएच-१७ नावाच्या टी पेशी घटतात. पण ते उंदीर, दादाच्या केसमध्ये ते ओढूनताणून आणायची गरज नाही.

उपचार काय झाले. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू, कॅन आणि ज्यूस बंद, मध बंद, आणि गंमत म्हणजे चहात अर्धा चमचा साखर डॉक्टरांनी परत दिली, म्हणाले एवढ्याने काही बिघडत नाही, पण तेवढी पण बंद केली तर वैतागून तुम्ही बाकी सगळं पथ्य सोडून द्याल. सोबत नाकात लावायचं म्युपिरोसिनचं मलम पाच दिवस आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने आंघोळ. कारण स्टॅफ ऑरियस बऱ्याच जणांच्या नाकात ठिय्या मांडून असतो, साधारण चार-पाच माणसांत एकाच्या, त्याला काही न करता, आणि तिथून बोटांवर, बोटांवरून कातडीवर.

मग दादाचं दुसरं टोक सुरू झालं. ग्लुकोमीटर आणला आणि दिवसात सहा वेळा बोट टोचायला लागला, ८०-९० च आलं पाहिजे, जेवण सोडायला लागला. जितकी कमी तितकी इम्युनिटी चांगली असा नवा हिशोब. त्याला मी आयसीयूतली गोष्ट सांगितली. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनला ग्रीट व्हॅन डेन बर्घ यांनी सर्जिकल आयसीयूतल्या पेशंटची शुगर इन्सुलिनने ८० ते ११० मध्ये कडक धरली आणि मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ वर आले, रक्तातली इन्फेक्शन जवळपास निम्मी झाली. सगळं जग त्यामागे लागलं. मग २००९ मध्ये नाईस-शुगर नावाची सहा हजारांवर पेशंटची ट्रायल आली आणि तिच्यात तशाच कडक शुगरवाल्यांत मृत्यू जास्त निघाले, २७.५ टक्के, ढिल्या शुगरवाल्यांत २४.९. शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रकार पण कडकवाल्यांतच कितीतरी जास्त. म्हणून आता आयसीयूत साधारण १४० ते १८० च्या मध्ये ठेवतात. दादा आयसीयूत नव्हता आणि मेटफॉर्मिनने एकट्याने शुगर तशी धडाम खाली पडतही नाही, पण मुद्दा पोचला, जेवायला लागला.

पाचव्या आठवड्यात एक छोटं गळू आलं, मांडीवरच, तेव्हा घरात परत सुतकी चेहरे. पण ते वाटाण्याएवढंच राहिलं आणि शेकून गेलं, अँटिबायोटिक लागलं नाही. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.१, सहा महिन्यांनी ६.५, वजन ८४. त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे दहा महिने, एकही नाही. खाज पण गेली.

यातलं किती शुगर उतरल्यामुळे आणि किती नाकातल्या मलमामुळे, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकदमच सुरू केलं होतं. बुरशीचं मात्र मी शुगरच्याच खात्यात टाकतो, कारण तिच्याशी नाकातल्या मलमाचा काही संबंध नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. त्या चौथ्या गळवाच्या आठवड्यात पुतणीला पण हनुवटीखाली केसतोड झालं होतं. १४ वर्षांची, आणि गोड खाण्यात बापाची पण आजी. बाथरूममध्ये दोघांचा टॉवेल एकच. वहिनी घाबरल्या, तिची पण शुगर करा म्हणाल्या, केली. उपाशीपोटी ८८, एचबीएवनसी ५.२. तिचं केसतोड सहाव्या दिवशी आपोआप बसलं, डागसुद्धा नाही, आणि दुसरं आलं नाही. टॉवेल आता चौघांचे चार आहेत, खिळ्यावर नाव लिहून, आणि दादाचा रोज धुवायला पडतो.